तीन वर्षांनी दिसलेली पदवी

रत्नागिरीजवळच्या आंबा कॅनिंगच्या कारखान्यात मी कामाला लागले तेव्हा बी.एस्सी. झालेली होते. बाबा चिरेखाणीवर चिरे काढायचे. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. फॉर्म बघून ऑफिसातले साहेब म्हणाले होते, "पदवीचं इथं काय काम? बारावी लिहा." लिहिलं. दुसरी नोकरी नव्हती.

मला बसवलं आंबे निवडायच्या टेबलावर. माझ्या शेजारी सातवी शिकलेली काकी. सगळ्या बाया तिला काकीच म्हणायच्या. ती आंबा हातात घेऊन नुसता अंगठा फिरवायची आणि न कापता सांगायची, आत साका आहे की नाही. साक्याचा पांढरट, स्पंजासारखा गर रसात गेला की सगळा घाणा वाया. मला हे शिकायला दोन हंगाम लागले. पगाराच्या चिठ्ठीवर मात्र आम्ही दोघी 'अकुशल'. तिच्या हातातलं कसब कोणी धरत नव्हतं, माझ्याकडचं कागदावरच नव्हतं.

गेल्या हंगामात कामगारांच्या कमिटीवरची जुनी बाई काम सोडून गेली. निवडणाऱ्या बायांना 'अर्धकुशल' धरा, म्हणजे पगाराचा दर वाढेल, ही मागणी कमिटीच्या साहेबांबरोबरच्या बैठकीत यायची होती. डबा खाताना काकी म्हणाली, "हिलाच धाडू या. वाचता येतंय, नि तोंडही आहे."

"तोंड तर लईच आहे," पलीकडून कोणीतरी म्हणालं आणि सगळ्या हसल्या. अशी मी निवडून आले.

चौथ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. तीन वर्षं मी त्या खोलीत उभी राहिलेली. त्या दिवशी खुर्ची पुढे झाली, चहा आला, वर बिस्किटं. "बसा मॅडम. तुम्ही बी.एस्सी. ना? तुमच्यासारखीनं टेबलावर हात चिकट करायचे म्हणजे अन्यायच आहे." आणि त्यांनी पत्र पुढे केलं. गुणवत्ता सहायक. लॅबमध्ये, पांढरा कोट घालून.

खोटं कशाला बोलू, मी हुरळले. बाबांना फोन करून सांगावं असं वाटलं. पण ज्यांना तीन वर्षं माझी पदवी दिसली नव्हती, त्यांना ती याच आठवड्यात कशी दिसली? मी पत्र सावकाश वाचलं. पगारात फरक थोडाच. नेमणूक एका वर्षाच्या करारावर, आणि शेवटच्या ओळीत लिहिलेलं की मी यापुढे स्टाफमध्ये धरली जाईन. स्टाफला कामगारांच्या कमिटीवर बसता येत नाही.

"कमिटीची बैठक शुक्रवारी आहे," मी म्हटलं. "सोमवारपासून येते लॅबमध्ये."

"सही आजच लागेल."

"मग राहू दे."

बाहेर येऊन टेबलावर बसले. चहाचा वास अंगाला येत होता की काय कोण जाणे. "बिस्किटं कुठली होती गो?" एकीनं विचारलं. मी पत्राचं सगळं सांगितलं. काकीनं मान वर केली नाही. "बघू शुक्रवारी," एवढंच. तीन वर्षं जिच्याशेजारी बसले तिनं असं म्हणावं, हे मला साहेबांच्या चहापेक्षा जास्त लागलं. पण तिच्या जागी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

शुक्रवारी साहेब फार गोड बोलले. मागणी मान्य, म्हणाले. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. इतिवृत्त आधीच टाईप केलेलं होतं: निवडणीवरच्या महिला अर्धकुशल, अट किमान दहावी पास. निम्म्या बाया दहावी होत्या. काकी नव्हती.

"साका ओळखायला दहावी लागते का?" मी विचारलं. "मग मला दोन हंगाम का लागले?"

"मॅडम, कुठंतरी रेघ ओढावी लागते."

"ही रेघ तुम्ही फॉर्मवर ओढलीत, टेबलावर येऊन ओढा."

अट काढली नाही. मी सही केली नाही. बायांतर्फे सही माझीच लागायची, त्यामुळे वाढ कोणालाच मिळाली नाही, आणि दहावी झालेल्या पोरींनी त्या दुपारी मला तोंडावर सुनावलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. एकीच्या नवऱ्याला ही दहावीची अट बैठकीआधीच ठाऊक होती, ती कुणाकडून, हे मला अजून कळलेलं नाही.

काकीनं संध्याकाळी गाठलं. "करायचीस सही. माझी किती वर्षं राहिलीत?"

हे तिचं स्वतःचं बोलणं होतं की कोणी तिला पढवून पाठवलं होतं, हा संशय तेव्हाही माझ्या मनात आला. लिहिताना लाज वाटते. मी म्हटलं, "काकी, तुला वगळून अर्धकुशल झाले तर मला आंबा कोणी शिकवला म्हणून सांगू?"

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये एक नवा पोरगा पांढरा कोट घालून आला. मी टेबलावरच आहे. मागणी पुढच्या बैठकीत पुन्हा आहे, आणि टाईप केलेला कागद या वेळी आम्ही घेऊन जाणार आहोत.