बर्फवाल्याची मूठ

कुठलाही ढीग दिसला की तो त्यात मूठ खुपसायचा. वाळू असो, खडी असो, मेसमधला भात असो. मूठ किती आत जाते ते बघायचा आणि म्हणायचा, "ऊपर से सब अच्छा दिखता है, चाचा." भाताच्या वेळी मी त्याला शिव्या घातल्या, कारण ताट माझं होतं.

सौदीतल्या जुबैलच्या आमच्या कॅम्पात त्याला सगळे बर्फवाला म्हणत. काश्मीरकडचा, बांधकामाच्या परांच्या बांधणारा. मी गुहागरकडचा वेल्डर. शाळा चौथीपर्यंत, ताठा हेडमास्तरचा. माझा जोड एक्स-रेत कधी नापास झाला नाही. हे तुम्हांला सांगतोय, कारण कॅम्पात सगळ्यांना सांगून झालंय.

भर उन्हात उभा राहून तो मला बर्फ शिकवायचा. म्हणे, पहिला बर्फ पडतो, मग बरेच दिवस नुसती कोरडी थंडी. तेवढ्यात खालच्या बर्फाची साखर होते, दाणेदार, सुटी. वर नवा जड थर बसला की अख्खा उतार कधी घसरेल सांगता येत नाही. मी म्हणालो, बर्फ म्हणजे मासळीवर घालतात तो. त्याला लागलं असावं. पुढं बरेच दिवस माझ्या भाताला त्यानं हात लावला नाही.

एकदा आमची जुनी खोली रिकामी करायचा हुकूम आला. एसी बंद, पाणी बंद. सगळे गेले, मी खाटेवर बसून. कॅम्प बॉस ओरडून थकला. शेवटी बर्फवाला आला. म्हणाला, नव्या खोलीचं दार लागत नाही, बिजागरी कुणाला कळत नाही, नुसतं बघून जा. मी हत्यारांची पेटी घेऊन गेलो. काम करून वळलो तर माझी खाट मागं येऊन उभी. दार मुळात बिघडलेलं नव्हतं, तरी मी ते दुरुस्त केलं होतं.

त्याचं घर उताराच्या पायथ्याशी. घरात म्हातारा बाप आणि बायको. बर्फ पडून गेला की तो व्हिडिओ कॉल लावून बायकोला अंगणाच्या कडेला खड्डा खणायला लावायचा. एके दिवशी मीही बघत होतो. वरच्या थरात तिची मूठ शिरेना. खाली अलगद गेली आणि दाणे झरझर ओघळले. साखरच. आभाळ पुन्हा भरून आलेलं.

दोघं आत्ताच्या आत्ता ओढ्यापलीकडे बहिणीकडे जा, म्हणाला. बायको तयार, बाप हलेना. हे घर माझ्या बापानं बांधलंय, बर्फाला ते माहीत आहे, म्हणे. यानं विनवण्या केल्या, रडला. म्हाताऱ्यानं फोन सुनेच्या हातात देऊन टाकला.

मला म्हातारा पटला होता. मीही हललो नसतो. म्हणूनच बोललो, "रो मत. मेरे को कैसे हटाया था?"

त्यानं डोळे पुसले. मग पुन्हा फोन लावून बापाला सांगितलं, बहिणीची गाय अडलीय, वासरू आडवं आलंय, तिथं कुणाला काही कळत नाही. सगळे मूर्ख आहेत म्हणत म्हातारा काठी घेऊन निघाला. सून मागोमाग.

दुसऱ्या दिवशी उतार खाली आला. घर गेलं. घराबद्दल म्हाताऱ्यानं चकार शब्द काढला नाही. गाय गाभणसुद्धा नव्हती, म्हणून मात्र ईदेपर्यंत पोराशी अबोला धरला. आणि मी कॅम्पभर सांगत सुटलो, की माझ्या हट्टानं दोन माणसं वाचली.

पुढं तो खुरूज, म्हणजे कायमचं परत जायचा परवाना, घेऊन गावी गेला, ओढ्यापलीकडे नवं घर बांधायला. आता भातात कुणी मूठ घालत नाही.

मुलगा गुहागरहून सारखा म्हणतो, बाबा, पुरे झालं, या आता. मी फोन ठेवून देतो. जोड धरताना हात थरथरतो, डोळ्यांपुढं धुरकट येतं, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. वरून सगळं चांगलं दिसतं.

काल बर्फवाल्याचा फोन आला. नव्या घरातली पत्र्याची शेगडी धूर सोडते, तिकडं कुणाला जोड मारता येत नाही, बर्फ वितळला की नुसतं बघून जा, चाचा.

ती शेगडी कशी आहे, मला इथूनच ठाऊक आहे. आज खुरूज मागून आलो. बॅगेत सगळ्यांत वर वेल्डिंगचे हातमोजे ठेवलेत.