मुरमाच्या खड्ड्यातलं पाणी

खड्ड्यातलं पाणी घोट्याखाली गेलं, तेव्हा मी मॅडमना फोन केला. मला फोनवर बोलायला जमत नाही. आधी मनात वाक्य म्हणून पाहते, मग बटण दाबते.

"मॅडम, पाणी आटून राहिलं. पिल्लं मरतील."

"सुमनताई, हात लावू नका. ती कंट्रोल साइट आहे."

कंट्रोल साइट म्हणजे जिथं आपण काही करायचं नाही, नुसतं पाहायचं. बेडकांवर काम करणाऱ्या एका संस्थेनं मला रोजीवर ठेवलं आहे; मॅडम तिथल्याच. एकोडीकडच्या रस्त्यासाठी मुरूम काढला होता, तो खड्डा माझ्याकडे. रोज सकाळी जायचं आणि पाणी किती, पिल्लं केवढी झाली ते कळवायचं. मोठा पाऊस झाला त्या दिवशी तिथं पिवळेजर्द नर ओरडत होते, गालांशी निळे फुगे. हे बेडूक भरल्या तलावात अंडी घालत नाहीत, तिथं मासे असतात. त्यांना उथळ, नवं पाणी लागतं. ते महिनाभर टिकलं तर पिल्लांना पाय फुटतात आणि ती बाहेर पडतात. पूर्वी झड लागायची, पाणी टिकायचं. आता पाऊस एक दिवस कोसळतो आणि मग नुसतं ऊन.

दुसऱ्या दिवशी पिल्लं एकमेकांना खात होती. जागा कमी पडली की या जातीत मोठं पिल्लू लहानाला गिळतं. मी पुन्हा फोन केला. या वेळी वाक्य मनात म्हणून पाहिलं नाही. मॅडम म्हणाल्या, "वरच्या सरांना विचारते." दुपारी त्यांचाच फोन आला.

"सरांशी भांडले. हलवा त्यांना. पाणी दिसेल तिथं सोडा."

बोडीवर रामदासभाऊ जाळं सुकवत होते. बोडी म्हणजे आमच्याकडचा लहान तलाव. तिच्यात मासे तेच पाळतात. पिल्लं इथं सोडू काय, मी विचारलं.

"नको वो बाई," ते म्हणाले. "मोठ्या मासोळ्या तुह्ये पिल्लं खातीन. अन् उरले ते माह्यं मासोळीचं बीज खातीन. नुकसान दोघाईचं."

मग उरली मामाजींची बांधी, म्हणजे धानाचं शेत. सासऱ्याच्या वयाच्या माणसाला आम्ही मामाजी म्हणतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. बोअरच्या पाण्यावर त्यांनी पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, जगवली होती. पदर ओढून मी शेताच्या बांधाला, धुऱ्यावर, उभी राहिले.

"काय वो सून, कोणाले शोधून राहिली?"

"मामाजी, बांधीत बेंडकाचे पिल्लं सोडू काय?"

कडेला गवत कापणाऱ्या बाया हसल्या. "सुमन, धानाले सरकारचा बोनस भेटते. बेंडकाले भेटते काय?"

मामाजी हसले नाहीत. "सोड. पण उद्या तणाचं औषध मारून राहिलो. मंग मले बोल लावू नको."

"दोन-चार दिवस थांबाल काय?"

"गवत पऱ्ह्याले खाऊन राहिलं, सून. मी थांबीन, गवत थांबन काय?"

त्यांचं चूक नव्हतं. मी पदर सावरून परत फिरले.

शेवटी हातपंपावरून गुंडानं, म्हणजे घागरीनं, पाणी वाहिलं. हसणाऱ्यांपैकी दोघींनी घरी जाताना एकेक गुंड आणून ओतला. "पाज तुह्या लेकराईले," म्हणाल्या. पण ओतलं की मुरूम पिऊन टाकायचा. ओल राहायची, पाणी राहायचं नाही.

सकाळी बगळे माझ्याआधी आले होते. तळाला पिल्लांचा काळा थर होता. काहींना मागचे पाय फुटले होते. मी फोन करून तेवढंच सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "फोटो पाठवा." मग म्हणाल्या, "राहू द्या."

नंतर पाऊस आला. खड्डा काठोकाठ भरला. मी काठावर बसून ऐकत राहिले. एकही आवाज नाही. मॅडमनी सांगितलं, बहुतेक माद्यांनी आपली अंडी एकदाच घालून टाकलेली असतात. आता पुढच्या वर्षी.

गावात पाणी होतं. बोडीत होतं, बांधीत होतं, हातपंपाला होतं. प्रत्येक पाण्याला काम होतं आणि मालक होता. हे बेडूक नेमकं कोणाचंच नसलेलं पाणी निवडतात. ते आटलं की कोणाकडे मागायचं, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

उद्या पुन्हा जायचं आहे. रोजी चालू आहे. पाणी भरपूर, पिल्लं नाहीत, एवढं कळवायचं.