ड्रीमाची गाडी आणि घेवड्याच्या पंगतीतला ठराव

ड्रीमा रॅटलिफ पूर्वी शाळेची बस चालवायची. आमचे रस्ते म्हणजे डोंगराला गुंडाळलेली दोरी. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला ओढा, आणि हिवाळ्यात दोन्हींवर बर्फ. त्यातून ती पोरांची ने-आण करायची आणि वर त्यांना गप्प बसवायची. हे दुसरं काम जास्त कठीण, असं ती म्हणायची.

एकदा बसच्या पायरीवरून घसरली आणि पाठ गेली. डॉक्टरांनी दुखणं मारायच्या, अफूच्या जातीच्या गोळ्या दिल्या. त्या काळी आमच्याकडे त्या गोळ्या पेपरमिंटसारख्या वाटल्या जायच्या. खाणीत कंबर मोडली, घ्या गोळी. दाढ काढली, घ्या गोळी. ड्रीमाची पाठ बरी झाली, गोळी मात्र सुटेना. आधी बस गेली, मग घरातलं सामान गेलं, मग नवरा गेला. मेला नाही हो, टेनेसीला गेला. त्यातलं सगळ्यात कमी दुःख तिला नवऱ्याचं झालं, हेही खरं.

त्यातून ती बाहेर आली ती डोंगरापलीकडच्या दवाखान्यामुळे. तिथे रोज सकाळी जायचं, खिडकीसमोर उभं राहून औषध घ्यायचं. त्या औषधाने गोळीची तलफ मरते. नव्या माणसाला ते घरी देत नाहीत आणि खिडकी सकाळीच बंद होते. आमच्या खोऱ्यातून तिकडे बस नाही, काही नाही. ड्रीमाला पुन्हा गाडी चालवायचा परवाना मिळाला, तेव्हा बाप्टिस्ट चर्चने टाकून दिलेली जुनी व्हॅन तिने मागून आणली आणि आणखी माणसं न्यायला लागली. पेट्रोलपुरते पैसे द्यायचे. नसतील तर अंडी, बटाटे, काय असेल ते. मी तिची शेजारीण. मला इथे सगळे मॅमॉ म्हणतात, म्हणजे आजी. माझी सख्खी नातवंडं थोडी, मॅमॉ म्हणणारे मात्र सगळं खोरं.

मग ते तडजोडीचे पैसे आले. गोळ्या बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या कंपन्यांवर राज्याने खटला भरला होता. कंपन्यांनी भरपाई दिली ती राजधानीतल्या एका मंडळाकडे, आणि मंडळाने प्रत्येक काउंटीला, म्हणजे जिल्ह्याला, तिचा वाटा ठरवून दिला. अट अशी, की गोळ्यांनी जे मोडलं ते दुरुस्त करायलाच हा पैसा लावायचा, आणि कशावर लावणार ते आधी लोकांसमोर मांडायचं. ड्रीमाने काउंटीकडे नवी व्हॅन मागितली. जुनीचा जीव घशाशी आला होता.

आमच्या काउंटीचा कारभार गार्नेट साइझमोर बघतो. माणूस वाईट नाही. त्याला वाटलं, कचेरीतल्या सभेला कुत्रं फिरकत नाही, तर सभा जिथे माणसं येतात तिथेच घेऊ. म्हणून त्याने ती घेतली अग्निशमन दल घालतं त्या घेवड्याच्या पंगतीत. डुकराचं हाड घालून शिजवलेला घेवडा, मक्याचा पाव, चिरलेला कांदा. सगळं खोरं आलं होतं.

आता आमच्याकडची एक रीत आहे. प्रार्थना होऊन ताट समोर आलं की कुणाला आडवं बोलायचं नाही. भांडण असेल ते दाराबाहेर. घटस्फोट झालेली माणसं आमच्याकडे समोरासमोर बसून घेवडा खातात आणि एकमेकांना मीठ देतात.

गार्नेट हातात डाव घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मंडळी, त्या पैशातून शाळेच्या फुटबॉल मैदानावर दिव्यांचा नवा गुणफलक बसवू म्हणतो. पोरं खेळात रमली तर गोळ्यांकडे वळणार नाहीत. कुणाची हरकत?"

चमचे वाजत होते. कुणीतरी म्हणालं, "कांदा इकडे सरकवा."

"हरकत नाही. मंजूर," गार्नेट म्हणाला आणि माझ्या ताटात आणखी एक डाव ओतला.

बाहेर आल्यावर मी ड्रीमावर खेकसले, "तोंड शिवलं होतं का गं तुझं?"

"आणि तुमचं, मॅमॉ? तुम्ही तर दुसऱ्यांदा वाढून घेतलंत."



पुढच्याच आठवड्यात व्हॅन चढावर बसली. लाकडाच्या ट्रकवाल्याने दोर बांधून ओढत नेली, पण तोवर दवाखान्याची खिडकी बंद. त्या दिवशी कुणालाच औषध मिळालं नाही. त्यात रोवेना नावाची एक पोटुशी पोर होती. संध्याकाळी ती घरी नाही म्हणून शोधाशोध झाली. गोळ्या विकणाऱ्या माणसाच्या दाराशी पायरीवर बसलेली ड्रीमाला सापडली. दार वाजवू की नको, असं करत बसली होती. ड्रीमाने तिला उठवून आपल्या घरी आणलं. रात्र निघाली. पण सकाळी ड्रीमाचा चेहरा मी पाहिला. "मॅमॉ," ती म्हणाली, "गाडी आणखी एकदा बसली तर ती दार वाजवेल. तीच कशाला, मीसुद्धा वाजवेन."

व्हॅन तारेने, चिकटपट्टीने चालू राहिली. आम्ही रोज सकाळी कान लावून बसायचो.

आणि मग राजधानीतल्या मंडळाची बाई आली. कॉरीन प्रुइट तिचं नाव. पैसे सोडण्याआधी काउंटीचे बेत तपासणं हे तिचं काम. ड्रीमाची मागणी तिने वाचली होती, म्हणून थेट तिच्याकडे आली. मी तिथेच ओसरीवर शेंगा मोडत बसले होते.

"तुम्ही व्हॅन मागितलीत," बाई म्हणाली, "आणि सभेत गुणफलकाला हरकत घेतली नाहीत. मला काही कळेना."

ड्रीमाने माझ्या टोपलीतली शेंग मोडायला घेतली. मग मीच म्हणाले, "बाळा, सभा कुठे झाली ते तुला सांगितलंय का?"

"अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये."

"हॉलमध्ये नव्हे, घेवड्यावर झाली. आमच्यात भरल्या ताटावर कुणी कुणाला नाही म्हणत नाही. तिथे त्याने डोंगर विकायला काढला असता, तरी आम्ही कांदाच मागितला असता."

बाई आधी हसली, मग गंभीर झाली. "म्हणजे लोकांना विचारलंच नाही म्हणायचं. सभा पुन्हा घ्यायला सांगते."

"घे. पण काही खायला ठेवू नकोस. कॉफीसुद्धा नको."

ती सभा शाळेच्या व्यायामशाळेत झाली. लोखंडी खुर्च्या, पोटं रिकामी, सगळे आधीच चिडलेले. गार्नेटने गुणफलकाचं तेच पुन्हा सांगितलं. ड्रीमा उठली. हात तिने कोटाच्या खिशात कोंबले.

"गार्नेट, खेळणारी पोरं गोळ्या घेत नाहीत म्हणतोस. माझा भाचा डेन्व्हर याच मैदानावर खेळला. गुडघा मोडला तोही इथेच, आणि पहिली गोळी त्याला मिळाली ती त्या गुडघ्यासाठी. तू त्याच्या शवपेटीला खांदा दिलास. आज माझ्या गाडीत जी माणसं बसतात ती अजून जिवंत आहेत. त्यांना खिडकी बंद व्हायच्या आत पोचवायचंय. बास, एवढंच."

आणि खाली बसली. मग एकेक जण उठायला लागला. ज्यांना मी आजवर फक्त "मीठ द्या" म्हणताना ऐकलं होतं, ते बोलले. एक खाणकामगार रडला आणि मग रडलो म्हणून आमच्यावरच ओरडला. रोवेना पोटावर हात ठेवून नुसती उभी राहिली.

गार्नेट लाल झाला होता. "हे सगळं मला त्या दिवशी कुणी सांगितलं का नाही?"

"अरे, तू वाढत होतास!" मी मागून ओरडले. "वाढणाऱ्याला कोण बोलतं?"

सगळी व्यायामशाळा हसली, शेवटी तोही. हात वर करून मतं घेतली. गुणफलकाच्या बाजूने दोन हात वर गेले, त्यातला एक फुटबॉलच्या प्रशिक्षकाचा. त्याचा मला राग नाही, त्याची ती नोकरीच. तो गुणफलक आता हॉट डॉग विकून आणणार आहेत.

प्रुइटबाईंनी उभं राहूनच सांगून टाकलं, की व्हॅन मंडळाच्या नियमात बसते, पैसे सुटतील, आणि चालवणाऱ्याचा पगारही त्यातच धरता येईल. मात्र दर तीन महिन्यांनी हिशेब पाठवायचा, आणि त्या मधूनच कधीही येऊन गाडी बघणार. "गाडी मासे पकडायला गेलेली दिसली तर पैसे परत," त्या गार्नेटकडे बघून म्हणाल्या.

ड्रीमाने खिशातून हात काढले. तिला पगार मिळणार हे तिच्या डोक्यात शिरायला वेळ लागला. घरी जाताना ती मला दोनदा म्हणाली, "मॅमॉ, पगार म्हणाली ना ती?" मी दोन्ही वेळा हो म्हणाले.

गेल्या सोमवारी नवी व्हॅन पहिल्यांदा डोंगर चढली. ड्रीमा परतली ती कुरकुर करतच माझ्या ओसरीवर आली.

"काय झालं गं? बसली का कुठे?"

"छे. हीटर चालतो, चढाव लोण्यासारखा कापते. पण सगळे झोपले, मॅमॉ! जाताना, येताना, रोवेना तर तोंड उघडं टाकून घोरत होती. बोलायला कुणी नाही. मी एकटी काय करू?"

"रस्त्याकडे बघ," मी म्हणाले.

ती हसली, ओसरीच्या खांबाला टेकून बसली, आणि बोलता बोलता तिचाही डोळा लागला.