रेडिओची टाच

माझ्या मित्राचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. डोळ्याला भिंग लावून तो दिवसभर मान खाली घालून बसतो आणि गिऱ्हाइकांशी मानेनंच बोलतो. शेजारचा चष्मेवाला म्हणतो, "फार शिष्ट माणूस!" शिष्ट कसला डोंबलाचा! तो तोतरा आहे. दुकानाच्या पाटीवर त्याच्या वडिलांचं नाव आहे आणि पुढे 'आणि पुत्र'. ते दोन शब्द बाकीच्या पाटीहून नवे दिसतात. ते पुसून पुन्हा लिहिले गेले, त्याला कारण आमची सैनिकी अकादमी.

तिथे त्याला आम्ही 'रेडिओ' म्हणायचो, कारण बोलता बोलता त्याची बॅटरी संपायची. पाठ केलेली उत्तरं तो घडाघडा म्हणायचा, म्हणून मुलाखतीत निभावलं. अडायचा तो घाईत, आणि अकादमीत सगळी घाईच. पहाटेचा भोंगा वाजायच्या आधीच मी बूट घासत बसायचो. चादरीला सुरकुती दिसली तर शिक्षा, बुटात तोंड दिसलं नाही तर शिक्षा. चादर मोडू नये म्हणून मी जमिनीवर झोपायचो. घरी मात्र 'मजेत आहे' असं कळवायचो.

सगळ्यात मोठी भीती म्हणजे कवायतीचे वस्ताद. त्यांना आम्ही 'तोफ' म्हणायचो, अर्थात त्यांच्या पाठीमागे. त्यांचा एकच नियम होता. "आदेशाशिवाय जो पाय थांबेल, तो पाय माझा!" आमच्या आधीची एक तुकडी खड्डा दिसला म्हणून आपणहून थांबली होती. त्यांना डोक्यावर रायफल धरून संध्याकाळपर्यंत पळवलं, दोघं दवाखान्यात गेले.

कवायतीच्या परीक्षेत प्रत्येकानं अख्खी तुकडी चालवून थांबवायची असे. डावा पाय जमिनीला टेकतो नेमक्या त्याच क्षणी 'थांब' पडायला हवा. रेडिओचा 'थ' निघेपर्यंत तुकडी पार पुढे गेलेली असायची. तो दोनदा नापास झाला. आता ही शेवटची संधी, नाहीतर ट्रंक उचलून घर. आणि घरी वडिलांनी, पोरगा आता अधिकारी होणार म्हणून, पाटीवरचं 'आणि पुत्र' स्वतःच्या हातानं पुसून टाकलं होतं.

"मी त-त-तोंड कसं दाखवू त्यांना?" असं म्हणून तो न्हाणीघरात रडला. मग आम्हीच शक्कल काढली. तोंडातून काय निघेल ते निघो, त्यानं डाव्या पायाची टाच फरशीवर जोरात आपटायची आणि आम्ही त्यावर थांबायचं. न्हाणीघरामागच्या फरशीवर आम्ही चोरून सराव केला. शेवटी शेवटी तर त्याची टाच वाजली की जेवणाच्या रांगेतही आमचे पाय जागीच थिजायचे.

परीक्षेच्या दिवशी पाहतो तर मैदान खणून ठेवलेलं! तोफ म्हणाले, "तलावाजवळच्या हिरवळीवर घ्या." पोहण्याचा तलाव होता तो, मी पहिल्या रांगेत होतो आणि मला पोहता येत नव्हतं.

रेडिओनं तुकडी झोकात चालवली. तलाव जवळ येऊ लागला. त्यानं टाच आपटली असणार, पण गवतावर कसला आवाज येतोय? मागून नुसतं "थ... थ... थ..." ऐकू येत होतं. पुढे पाणी, मागे तोफ, म्हणजे इकडे आड तिकडे विहीर. मला पाण्याची भीती वाटत होती आणि तोफांची त्याहून जास्त, म्हणून मी चालत राहिलो. अख्खा 'थांब' त्याच्या तोंडून निघाला तेव्हा माझ्या नाकातोंडात पाणी गेलं होतं. आता मेलो, आईला कोण सांगणार, एवढंच मनात आलं.

मला बाहेर ओढून काढलं ते रेडिओनंच, बुटांसकट उडी मारून. मी खोकत पडलो होतो. तोफ आमच्यापाशी आले, माझा श्वास सुरू झाला याची खात्री करून घेतली आणि त्याला म्हणाले, "नापास."

दुसऱ्या दिवशी तो निघाला. मैदान खणलेलंच होतं, म्हणून तोफ आम्हाला फाटकासमोरच्या डांबरी रस्त्यावर चालवत होते. रेडिओ साध्या कपड्यांत, हातात ट्रंक घेऊन कडेनं जात होता. तुकडी त्याच्या बरोबरीनं आली तसा तो थांबला. ट्रंक खाली ठेवली, ताठ झाला आणि टाच आपटली.

टक्!

अख्खी तुकडी एकाच पावलात थांबली.

काय केलं हे मग लक्षात आलं. तोफ सावकाश आमच्यासमोर आले.

"कुणी दिला आदेश?"

"म-म-मी, सर," कडेनं आवाज आला.

तोफांनी घड्याळ बघितलं. मग म्हणाले, "गाडी चुकेल तुझी. नीघ." आणि आमच्याकडे वळून ओरडले, "रायफली डोक्यावर!"

आम्ही संध्याकाळपर्यंत पळलो. आता आपणही दवाखान्यात जाणार या भीतीनं जीव अर्धा झाला होता. पण का थांबलो, असं तुकडीतल्या एकानंही कुणाला विचारलं नाही.