घोषणांवर चालणारं घड्याळ

मामांच्या लालबागच्या खोलीत सोन्याचं विलायती मनगटी घड्याळ होतं आणि वेळ विचारायला आम्ही शेजारी जात होतो.

शाळा अर्धवट सोडून मी कुडाळहून मामांकडे आलो होतो, गिरणीत कुठेतरी चिकटेन या आशेने. मामा-मामींचे उपकार एवढे, की मी श्वाससुद्धा बेताने घ्यायचो. (त्या खोलीत हवाही वाटून घ्यावी लागे.) त्यातच गिरणीतला गोरा साहेब मायदेशी जाताना मामांना हे घड्याळ देऊन गेला. "याला चावी द्यायची नाही, आपोआप चालतं," एवढंच सांगून! मामांनी ते थेट देव्हाऱ्यात ठेवलं. मामींनी काचेवर कुंकू लावलं. पुसायचं काम माझ्याकडे आलं.

आणि घड्याळ बंद पडलं.

"मेल्या, काय केलंस ह्या?" मामा कडाडले.

"काय नाय मामा, नुसता पुसलंय!"

"तुझो हात लागलो आणि मेला ता! दुरुस्त करून आण, नायतर बोटीत बसवून गावाक धाडतंय तुका!"

गावी जाऊन काय तोंड दाखवू? घड्याळ मनगटावर चढवून मी परळच्या दुकानाकडे धावलो. वाटेत मोर्चा आडवा आला. सुटका नव्हती, म्हणून मीही मूठ उडवत ओरडत राहिलो, "संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" दुकानाशी पोचून बघतो तर घड्याळ टिकटिकतंय!

ऐकून मामांचे डोळे भरून आले. "सायबाचा असून आपल्या बाजूचा आसा रे!"

घड्याळ सन्मानाने पुन्हा देव्हाऱ्यात. पुन्हा बंद! मग प्रत्येक मोर्चाला मी ते चालू करून आणू लागलो. मोर्चा नसला की पुढचा कधी, ते मी नाक्यावर विचारत फिरायचो.

अशाच एका कोरड्या आठवड्यात मामा म्हणाले, "मोर्चो कित्याक होयो? हंयच आराड!"

मी घड्याळ मनगटावर चढवलं आणि खोलीच्या मधोमध उभा राहून मूठ उडवली. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..."

"झालाच पाहिजे!" समोरची खोली गरजली. मग मजला. मग अख्खी चाळ! गॅलरीत थाळ्या वाजू लागल्या आणि जिन्यातून हवालदार वर आला.

"पुढारी कोण?"

सगळ्या चाळीने माझ्याकडे बोट दाखवलं. (एकजूट म्हणतात ती हीच!)

"हवालदारसाहेब, मी... मी घड्याळ चालू करतोय!"

हवालदाराने मला नखशिखांत न्याहाळलं. मग माझ्या हातातलं घड्याळ काढून हलवलं, कानाला लावलं. "अरे येड्या, आमच्या मोठ्या साहेबाकडे असलंच आहे. हात हलला की आतल्या आत चावी बसते. घोषणा कसल्या देतोस? हातात घाला नि कामं करा!"

गावाची बोट टळली. मामांनी घड्याळ मामींच्या हातात बांधलं, कारण घरात सर्वांत जास्त हलणारा हात तोच. भाकऱ्या थापता थापता, मसाला कुटता कुटता ते असं नेमकं चालू लागलं, की शेजारी आमच्याकडे वेळ विचारायला येऊ लागले.

दिवाळीत मामी माहेरी निघाल्या. जाताना त्यांनी मोठ्या विश्वासाने ते माझ्या मनगटावर बांधलं. मी गहिवरलो. एवढी मोलाची वस्तू, कुठे धक्का लागायला नको, म्हणून सगळी दिवाळी तो हात उशीवर ठेवून पडून राहिलो.

मामी परतल्या तेव्हा घड्याळ बंद.

मामा घाबरून म्हणाले, "पुन्हा बिघडला वाटता!"

मामींनी आधी घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"घड्याळ बरा आसा," त्या म्हणाल्या. "ह्येकाच दाखवा कोणाक तरी!"