तीन छोट्या शिट्ट्या
इस्त्रीवाल्या भैयाच्या कोळशाचा वास आला की वीसएक वर्षांपूर्वीची ती दुपार आठवते. वाफेच्या इंजिनावर ड्रायव्हर म्हणून हयात घालवलेले बाबा तेव्हा जयपूरला, प्रताप नगरात माझ्याकडे राहत होते. अर्धांगवायूने त्यांची वाचा गेली होती. त्या दुपारी ते एकाएकी "कू, कू, कू" करू लागले, पुन्हा पुन्हा. त्यांना गंमत सुचली असं वाटून मीही हसत "कू" केलं. तेवढ्यात भाजी घेऊन आलेली आई दारातच थबकली. "अरे, तीन छोट्या शिट्ट्या म्हणजे गाडी आवरत नाहीये, गार्डने ब्रेक लावावा!" मी धावत ऑटो घेऊन आलो, तोवर बाबा गेले होते. मी हसलो होतो, हे आईला अजून सांगितलेलं नाही.