दाऊदचाचांची शेवटची पानं

तंबू टॉकीजच्या गेटवरचा माणूस तिकिटं फाडतो, असं लोकांना वाटतं. साफ चूक! तो किस्से गोळा करतो. तिकिटाचा अर्धा तुकडा पब्लिकच्या हातात जातो, अर्धा डब्यात पडतो आणि माणूस जाता जाता जे बोलतो ते आपल्या डोक्यात पडतं. डबा रोज रिकामा करता येतो, डोक्याचं तसं नाही. मी वसमतच्या तंबूत सात वर्षं गेटवर होतो. त्यातल्या एका संध्याकाळी इतका माल जमला की अजून पुरतो आहे. 'पत्थरनगर' पिक्चर लागला, ती ही संध्याकाळ.

निजामाचा अंमल होता, तिकडे विलायतेत दुसरी मोठी लढाई चालू होती. 'पत्थरनगर' एका जाडजूड उर्दू कादंबरीवरून काढलेला. एक जादूगार अख्खं शहर दगडाचं करतो आणि नीलम नावाची कुंभाराची पोर सात दरवाजे ओलांडून त्या शहराला सोडवायला जाते. दुसऱ्या गावांत ही कादंबरी किती जणांनी वाचली होती कुणास ठाऊक. वसमतला मात्र ती सगळ्यांना पाठ होती, आणि ज्याला अक्षर येत नाही त्याला जास्त पाठ होती!

त्याचं कारण दाऊदचाचा. चाचा जिल्दसाज, म्हणजे कचेरीच्या वह्या-पुस्तकांना पुठ्ठे बांधणारे. एका कारकुनानं ही कादंबरी बांधायला दिली, त्याची बदली झाली आणि पुस्तक चाचांकडेच राहिलं. मग दर बाजाराच्या दिवशी चाचा दुकानाच्या पायरीवर बसून एक ओळ उर्दूत वाचायचे आणि तीच मराठीत सांगायचे. पुस्तक संपायला वर्ष लागायचं. संपलं की पुन्हा पहिल्यापासून.

फक्त एक भानगड होती. पुस्तकाची शेवटची पानं वाळवीनं खाल्ली होती, आणि हे चाचांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

पहिल्या वर्षी वाचता वाचता चाचा तिथवर आले आणि अडले. दगडाचं शहर समोर उभं, नीलम पोचलेली, आणि पुढं पानच नाही! चाचा पुस्तक मिटणार, तेवढ्यात समोर बसलेली लमाणांच्या तांड्यावरची सोमलीबाई म्हणाली, "आन् मग चाचा? ती माणसं उठली का न्हाई?"

त्या साली पटकीनं गावंच्या गावं झोडपली होती. सोमलीबाईचं लेकरू त्यात गेलं होतं.

"उठली," चाचा म्हणाले. "नीलम एकेकाचं नाव घेऊन हाक मारायची, तो उठायचा."

"मग वाचा की नावं!"

चाचांनी कोऱ्या पुठ्ठ्यावर बोट ठेवलं आणि वाचलं, "थावरू!"

थावरू म्हणजे सोमलीबाईचं लेकरू. मग चाचा थांबलेच नाहीत. समोर बसलेल्या ज्याच्या ज्याच्या घरचं माणूस पटकीत गेलं होतं, त्या सगळ्यांची नावं त्यांनी पुठ्ठ्यावरून वाचली. तेव्हापासून दर साली शेवटच्या बाजाराला अर्धा तालुका त्या पायरीपुढं जमायचा.

*

पिक्चर येण्याच्या आदल्या दिवशी मी टांग्यात बसून भोंगा घेऊन गावभर फिरत होतो. भोंगा हातात आला की माझ्या अंगात येतं! कुणी लिहून दिलेलं मी कधीच बोललो नाही. त्या दिवशी ओरडलो, "दाऊदचाचांच्या तोंडून ऐकलंत, आता डोळ्यांनी बघा! जसंच्या तसं! अक्षराचा फरक नाही!"

चाचा खळीचा ब्रश हातात घेऊन दुकानातून धावत आले आणि त्यांनी टांग्याचा घोडा अडवला.

"काहून बोंबलून राहिला बे?"

"तुमचीच जाहिरात करून राहिलो, चाचा!"

चाचांनी मला खाली उतरवलं, दुकानात नेलं आणि पुस्तक उघडून शेवट दाखवला. शेवट नव्हताच. वाळवीचं बारीक पीठ तेवढं पुठ्ठ्याला चिकटलं होतं. इतकी वर्षं नावं कुठून आली ते तेव्हा त्यांनी मला सांगितलं.

"जसंच्या तसं बोललास ना? सोमलीबाई लेकराचं नाव ऐकायला येईल. आता तुझा भोंगा वाचणार का ते नाव?"

मी भोंगा खाली ठेवला. माझ्यासारख्याला खोटं ठरायचं भय नसतं, पण चाचांच्या शब्दावर गाव उठायचं-बसायचं, आणि तो शब्द मीच भोंग्यावरून चव्हाट्यावर आणला होता.

*

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला गेटवर ही गर्दी! शेजारच्या हट्टा गावाहून बैलगाड्यांची रांग लागली. हट्ट्याचे पाटील सहकुटुंब आले, मला बाजूला घेतलं आणि कानात विचारलं, "राक्षस कोणत्या रिळात हाय?"

"तिसऱ्या. काहून?"

"न्हाई, आमच्या मालकीणबाई लई भेतात. तवा त्यांना घेऊन जरा भाईर येईन म्हनतो."

तिसऱ्या रिळात डोंगर फुटला, राक्षसानं तोंड बाहेर काढलं आणि गेटातून धोतर सावरत एक माणूस सुसाट बाहेर आला. पाटील! एकटेच!

मी विचारलं, "पाटील, मालकीणबाई?"

"त्या बसल्यात," पाटील धापा टाकत म्हणाले. "मी त्यांच्या वतीनं आलो!"

*

पिक्चर सुरू व्हायच्या आधी, पाटलांच्या मागोमाग सोमलीबाई गेटवर आली होती. सणाचा आरशांचा घागरा, हातभर बांगड्या, आणि सोबत सासरा, तांड्याचा नाईक. तिनंही मला रीळच विचारलं.

"नावं कितव्या रिळात हायेत?"

"शेवटच्या," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार? तिकीट फाडून तिला आत सोडलं.

*

आमच्या तंबूत पडदा मधोमध असायचा. पुढं बसणाऱ्यांना सुलटा पिक्चर, मागं बसणाऱ्यांना उलटा. पडदा पाण्यानं भिजवला की मागूनही तितकाच लख्ख दिसतो. मागचं तिकीट स्वस्त.

आमचे दत्तू मास्तर मागं बसायचे. बिचारे मराठी शाळेत मास्तर, बढतीसाठी उर्दूची परीक्षा देऊन देऊन दमले होते. तीनदा नापास! "उजवीकडून वाचायचं म्हणजे गाडीला मागून बैल जुंपायचे," असं ते म्हणायचे.

पिक्चर सुरू झाला. पडद्यावर उर्दूत कलाकारांची नावं आली. मागून ती उलटी, म्हणजे डावीकडून उजवीकडे चाललेली. मास्तर टाळी वाजवून उभेच राहिले.

"अरे, आली! उर्दू रस्त्यावर आली! घ्या म्हणावं आता परीक्षा!"

*

तंबूचे मालक स्वतःच पिक्चरची मशीन चालवायचे. मशीन एकच, त्यामुळे दर रिळाला थांबायचं, दिवा लावायचा, नवं रीळ चढवायचं. तेवढ्या वेळात पब्लिक पिक्चरची झडती घ्यायचं. चाचांना मालकांनी मोठ्या मानानं पुढं खुर्ची दिली होती. दिवा लागला की सगळा तंबू त्यांच्याकडे वळायचा.

"चाचा, बराबर चाललंय ना?"

"बराबर," चाचा म्हणायचे.

की टाळ्या! पिक्चरला नव्हे, चाचांना! पहिला दरवाजा चाचांनी सांगितल्यासारखाच किरकिरत उघडला, तर मागून एक जण ओरडला, "शाबास चाचा! पिक्चरवाल्यानं तुमचं ऐकलं!" एकेका रिळाला चाचांची इज्जत वाढत होती आणि चाचा खुर्चीत तेवढे खाली सरकत होते.

पाचव्या रिळानंतर हळदीचे अडते गंगासेठ उठले. हळदीचं पोतं नुसतं वासावरून ओळखणारा माणूस, त्याला कोण फसवणार!

"मालक, दरवाजे सहाच झाले अन् पोर पुढं निघाली बी. सातवा कुठं हाय?"

सातवा दरवाजा मागच्या गावी मशीनमध्ये अडकून तुटला होता. मालकांनी तेवढी पट्टी कापून पुढचं-मागचं जोडून टाकलं होतं. पण मालकही मुरलेले!

"लहान दरवाजा होता, सेठ. तुमी पान थुंकायला गेलता ना? तेवढ्यात उघडून बंद बी झाला."

गंगासेठ विचारात पडले. पान थुंकायला ते खरंच गेले होते. "पर चाचांकडं तर हाच दरवाजा दोन बाजार पुरला होता!" असं म्हणत ते खाली बसले, आणि पुन्हा उठून गेले नाहीत. तोंडातलं पान गिळलं असावं.

*

सातव्या रिळात व्यापाऱ्यांचा काफिला निघाला. पाठीवर गोणी लादलेले बैल एकामागून एक चालले. तांड्याच्या नाईकांचं अर्धं आयुष्य अशाच बैलांच्या मागं गेलेलं, मीठ आणि धान्य वाहण्यात. ते ताडकन उठले.

"थांबवा ती मशीन!"

मालकांनी घाबरून खरंच थांबवली. नाईक काठी टेकत मशीनपाशी गेले.

"त्या तिसऱ्या बैलाची गोणी एका अंगाला गेली. पाठ सोलून निघंल त्याची. उतरवा अन् फिरून बांधा!"

"नाईक, ती चित्रं हायेत हो!"

"चित्रातला झाला म्हनून काय झालं? बैल तो बैल!"

मालकांनी हात जोडले. मी गेटवरूनच ओरडलो, "नाईक, पुढच्या मुक्कामाला बांधतात." मग ते बसले. पुढच्या रिळात बैल दिसलेच नाहीत, तर नाईक समाधानानं मान हलवत सोमलीबाईला म्हणाले, "सोडले वाटतं चरायला."

*

नवव्या रिळाच्या थांब्याला चाचा गेटवर आले. कपाळावर घाम. शेवटचंच रीळ राहिलं होतं.

"मला जाऊ दे, बेटा."

मला एकदम कल्पना सुचली. सुचणारच, संकटात डोकं चालवणं हा आमचा धंदा! "चाचा, जाऊ नका. मालकांना सांगतो, मशीन बिघडली म्हणून. शेवटचं रीळ लावायचंच नाही. लोक शिव्या देतील त्या आमाला देतील. शेवट तुमी बाजाराच्या दिवशी वाचा."

चाचांनी कपाळ पुसलं.

"नक्को. मैं झूठ बोल्या सो बस हुआ. तू मत बोल."

आणि ते परत जाऊन खुर्चीवर बसले. मी गेट सोडलं आणि आत उभा राहिलो. सात वर्षांत गेट सोडल्याची तेवढी एकच वेळ.

शेवटच्या रिळात काय झालं? राजकुमार आला! आमच्या वाचनात राजकुमाराला कुणी विचारत नव्हतं, तो इथं घोड्यावरून आला. तलवारीनं जादूगाराचं मुंडकं उडवलं, भप्पकन धूर निघाला, अख्खं शहर एका दमात जिवंत झालं, नीलमशी लग्न लागलं, बाजा वाजला, संपलं.

नाव एकही नाही.

मालकांनी दिवा लावला. एरवी पिक्चर संपला की माझ्या गेटची मोडतोड व्हायची. त्या दिवशी कुणी जागचं हललं नाही. पडद्यामागचे लोकही पुढं येऊन उभे राहिले. पाटील, मास्तर, गंगासेठ, सगळे चाचांकडे बघत होते. सोमलीबाई पडद्याकडे बघत होती.

शेवटी गंगासेठ म्हणाले, "चाचा, हे बराबर हाय का?"

चाचा उठले. सगळ्यांना हात जोडून म्हणाले, "पिक्चरवाल्याची चूक न्हाई. पुस्तकात काय होतं ते मला बी ठाऊक न्हाई. माझी शेवटची पानं वाळवीनं खाल्ली. नावं मी मनानं वाचत होतो. इतकी वर्षं तुमच्याशी खोटं बोललो. माफी द्या."

सगळ्या माना सोमलीबाईकडे वळल्या. मला वाटलं, आता ही बाई रडेल, नाहीतर चाचांना तळतळून बोलेल. सोमलीबाई उठली. बांगड्या सावरल्या.

"उर्दूच्या पुस्तकात तांड्यावरच्या लेकराचं नाव कोन लिहून ठेवंल, चाचा? येवढं कळतंय आमाला. पयल्याच दिवशी कळलं होतं." मग ती पुन्हा खाली बसली. "चला, वाचा आता."

चाचांनी सगळ्यांकडे पाहिलं. कुणीच नजर चुकवली नाही. हातात पुस्तक नव्हतं, तरी त्यांनी तळहात समोर धरला आणि त्यावर बोट ठेवलं.

"थावरू!"

आणि नातवासाठी नाईकांनी ओ दिली.